वाघाने स्वतः काढलेले छायाचित्र

डॉक्टरेटच्या तिसऱ्या वर्षी, शिष्यवृत्तीतून महिनोन्‌महिने बाजूला टाकलेली जवळजवळ सारी रक्कम मी एका लेन्सवर खर्च केली. १५० ते ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची, दोन किलो वजनाची ती नळी हाती आली तेव्हा ताडोब्यापासून काझीरंग्यापर्यंतची सारी अरण्ये आपल्या आवाक्यात आली, असे मला वाटले होते. तिच्यातून टिपलेले पहिले छायाचित्र मात्र वसतिगृहाच्या आवारातील ‘काळ्या’ नावाच्या कुत्र्याचे होते. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि दूधवाल्याच्या सायकलीमागे काळ्या धावत सुटला होता. संगणकाच्या पडद्यावर पाहिले, तर त्याच्या जागी राखाडी रंगाचा एक लांबट डाग उमटला होता. कुत्रा स्थिर आला नव्हता, आणि काळाही राहिला नव्हता.

भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला हे आधीच कळायला हवे होते. धावणारा कुत्रा सेकंदाला सुमारे दहा मीटर अंतर कापतो. शटर १/२५० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्या वेळात तो चार सेंटिमीटर पुढे सरकतो. १/२००० सेकंदाला अर्धा सेंटिमीटर. म्हणजे शटर आठपट जलद हवे आणि प्रकाश मिळणार आठपट कमी. माझी लेन्स ६०० मिलिमीटरला f/६.३ इतकीच उघडत होती. घरात पडून असलेली ५० मिलिमीटरची स्वस्त लेन्स f/१.८ पर्यंत उघडत होती, म्हणजे प्रकाशसंवेदकाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर बारापट प्रकाश टाकू शकत होती. हे अर्ध्या पानाचे गणित मी लेन्स घेतल्यानंतर केले. वाचकांनी ते आधी करावे.

या फजितीनंतर मी ग्रंथालयात जाऊन जुन्या वन्यजीव छायाचित्रकारांचे लेखन वाचू लागलो. आपल्या हाती आहे त्याच्या शतांश साधनही ज्यांच्यापाशी नव्हते, त्या माणसांनी हे कसे साधले, एवढेच मला जाणून घ्यायचे होते. त्या वाचनाने मला ज्या ठिकाणी नेऊन सोडले ते ठिकाण अनपेक्षित होते. दर चार वर्षांनी आपण वर्तमानपत्रात देशातील वाघांचा जो आकडा वाचतो, त्याचा उगम एका हौशी छायाचित्रकाराच्या रात्रींमध्ये आहे.

प्राण्याने स्वतःच आपले छायाचित्र काढावे, ही कल्पना तशी जुनी. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावपट्टीशेजारी बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि घोड्याच्या वाटेत दोरे ताणले. घोडा धावत गेला, दोरे तुटले आणि एकामागून एक शटरे उघडली. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रचंड संग्रहात धावणारे शिकारी कुत्रेही आहेत. मानवी डोळ्याला कधी न दिसलेला, चारही पाय जमिनीवरून सुटलेला कुत्रा तेथे दिसतो. मात्र मायब्रिजचे प्राणी पाळीव होते आणि उन्हात धावत होते. रात्रीच्या रानाचा प्रश्न वेगळा होता.

तो प्रश्न सुटण्यासाठी प्रकाश हवा होता. १८८७ सालीच जर्मनीत मॅग्नेशियमची पूड आणि ऑक्सिजन पुरविणारे क्षार यांचे मिश्रण छायाचित्रणासाठी तयार झाले. ते पेटवले की डोळे दिपविणारा लोळ उठे, धुराचा ढग उसळे, आणि हाताळणाऱ्याचे हात भाजण्याची शक्यताही भरपूर असे. अमेरिकेतील जॉर्ज शिरास तिसरे हे पेशाने वकील आणि काही काळ तेथील संसदेचे सदस्य. त्यांनी मिशिगनमधील तळ्यांवर होडीतून आणि ताणलेल्या तारांच्या साहाय्याने रात्री हरणांची छायाचित्रे घेतली. जुलै १९०६च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रे एकत्र छापली गेली.

भारतात हे तंत्र वाघापर्यंत नेले ते एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी. १९१३ साली ते पोलीस खात्यात नोकरीसाठी हिंदुस्थानात आले. पहिल्या महायुद्धानंतर ते संयुक्त प्रांताच्या वनखात्यात दाखल झाले आणि शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलांत त्यांची अनेक वर्षे गेली. वडील कीटकतज्ज्ञ. भाऊ हॅरी चॅम्पियन यांनी भारतीय वनप्रकारांचे केलेले वर्गीकरण आजही वनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासावे लागते. त्या काळी वाघाचे छायाचित्र म्हणजे बहुधा मेलेल्या वाघाचे, त्याच्या देहावर बूट टेकवून उभ्या असलेल्या साहेबासह काढलेले छायाचित्र. ऑक्टोबर १९२५मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने चॅम्पियन यांचे जिवंत वाघ छापले. १९२७ साली ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे त्यांचे पुस्तक आले.

त्यांच्या पद्धतीत एक सुंदर तर्कसाखळी आहे. झगझगाटाचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. वाघ चार मीटरवर असताना मिळणारा प्रकाश तो आठ मीटरवर गेला की चतुर्थांश उरतो. म्हणून रात्रीचे चित्र हवे तर कॅमेरा वाघाच्या अगदी जवळ हवा. कॅमेरा जवळ हवा तर माणूस तेथे असून चालणार नाही. माणूस नाही तर शटर वाघानेच दाबले पाहिजे. म्हणून वाटेत बारीक तार, तारेला जोडलेले विद्युत्‌मंडळ, आणि वाघाचा पाय तारेला लागताच पेटणारी मॅग्नेशियमची पूड. एकदा पेटली की संपली, त्यामुळे एका यंत्राला एका रात्रीत एकच संधी. तीही वाघाच्या आधी साळिंदर आले तर साळिंदराची.

आता हा सारा खटाटोप कुठे मांडायचा? येथे यंत्र काहीच सांगत नाही, वनाधिकारी सांगतो. वाघाचे तळवे मऊ असतात. काटेरी झुडपांपेक्षा त्याला गाडीवाट, पायवाट किंवा कोरड्या नाल्याची वाळू पसंत पडते, आणि त्याच वाटेने तो पुनःपुन्हा जातो. चॅम्पियन दिवसा पाऊलठसे वाचत आणि रात्री तार ताणत. दिवसाउजेडीची चित्रे त्यांनी हत्तीवर बसून घेतली. हत्ती ही डुलणारी तिवई. तिच्यावरून लांब लेन्स स्थिर ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना जिप्सीत बसून ज्याने ६०० मिलिमीटरची लेन्स हाताळली आहे त्याला येईल.

जिम कॉर्बेट यांनी चॅम्पियन यांच्यापासूनच स्फूर्ती घेऊन बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. त्यांच्यापाशी १६ मिलिमीटरचा चलच्चित्र कॅमेरा होता आणि त्यांची अडचण प्रकाशाइतकीच आवाजाची होती. यंत्र सुरू झाले की त्याची घरघर ऐकून वाघ निघून जात. शेवटी त्यांनी जंगलात एक जागा निवडली, ओढ्याचा प्रवाह वळवून तेथे लहान लहान धबधबे तयार केले आणि त्यांच्या खळखळाटात कॅमेऱ्याचा आवाज बुडवून टाकला. त्या उघड्यावरच्या चित्रशाळेत सहा वाघ त्यांना चित्रित करता आले. आज आरसाविरहित कॅमेऱ्यांचे निःशब्द शटर हे जाहिरातीतील एक आकर्षण असते, आणि ते उपयुक्त आहेच. तथापि कॉर्बेट यांनी तोच प्रश्न फावड्याने सोडवला होता.

स्वातंत्र्यानंतरची दोन नावे येथे सांगितली पाहिजेत. ई. पी. गी हे आसामातील चहामळेवाले. भूतानच्या सीमेलगतच्या जंगलात सोनेरी रंगाची वानरे आहेत असे ऐकून ते १९५३ साली तेथे गेले आणि त्यांनी त्या वानरांची छायाचित्रे व चित्रफीत घेतली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतील एच. खजुरिया यांनी पुढे १९५६ साली त्या वानराचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले आणि जातिनामात गी यांचे नाव गुंफले. हौशी माणसाच्या छायाचित्राने प्राणिशास्त्राच्या वहीत एक नवी नोंद झाली.

दुसरे एम. कृष्णन, मद्रासचे. ‘द स्टेट्समन’मध्ये त्यांनी १९५० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, निसर्गाविषयीचे सदर लिहिले. द्वीपकल्पातील सस्तन प्राण्यांचे त्यांनी केलेले सर्वेक्षण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पुस्तकरूपाने काढले. ते कृष्णधवलच छायाचित्रे घेत. त्यांचा कॅमेरा एका कंपनीचा सांगाडा, दुसऱ्या कंपनीची लेन्स आणि उरलेले भाग आणखी कोणाचे, असा स्वतः जुळवलेला होता. त्याला त्यांनी ‘सुपर पॉन्डेरोसा’ असे भारदस्त नाव दिले होते. मला या नावातील विनोद फार आवडतो. नव्या कॅमेऱ्याचा प्रत्येक क्रमांक तोंडपाठ असलेल्या माझ्या पिढीला तो विनोद थोडा बोचायलाही हवा.

पुन्हा चॅम्पियन यांच्याकडे वळतो, कारण त्यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग अजून सांगायचा आहे. तारेवर पाय ठेवून गेलेल्या वाघांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहताना त्यांच्या ध्यानात आले की कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पट्ट्यांवरून वाघ व्यक्तिशः ओळखता येतो, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच छायाचित्रांनिशी दाखवले. त्या काळातल्या बहुतेकांना ही एक गमतीदार माहिती वाटली असावी, कारण तिचा गणनेसाठी वापर झाला नाही.

देशाने वाघ मोजायला घेतले ते पाऊलठशांवरून. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी काचेवर ठसा उतरवून घेण्याची पद्धत विकसित केली आणि १९७२च्या पहिल्या राष्ट्रीय गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले. कष्ट अपार होते आणि हेतू शुद्ध होता. परंतु एकाच वाघाचा ठसा वाळूत वेगळा उमटतो, चिखलात वेगळा. चालताना वेगळा, धावताना वेगळा. शिवाय आपल्या हद्दीतील प्रत्येक वाघ आपल्याला सापडलाच, असे गृहीत धरावे लागे. मोजमापात अनिश्चिततेला जागाच नव्हती, आणि भौतिकशास्त्रज्ञ म्हणून मला सर्वांत जास्त खटकते ते हे. त्रुटीची कक्षा न सांगणारा आकडा कितीही नेमका दिसला तरी तो मोजमाप या नावाला पात्र ठरत नाही. याची किंमत राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात मोजावी लागली. कागदावर डझनाहून अधिक वाघ होते. २००५च्या प्रारंभी शोध घेतला तेव्हा एकही उरला नव्हता. शिकाऱ्यांनी ते केव्हाच संपवले होते आणि नोंदवहीला पत्ता नव्हता.

मधल्या काळात कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंथ यांनी चॅम्पियन यांचे सूत्र पुन्हा उचलले होते. तारेची जागा अदृश्य अवरक्त किरणाने घेतली आणि मॅग्नेशियमची जागा विजेच्या फ्लॅशने. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. १९९५ साली त्यांनी या छायाचित्रांवरून वाघांची संख्या अनुमानित करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचे बीज शाळकरी गणितात आहे. समजा, पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ टिपले गेले. दुसऱ्या फेरीतही २० टिपले आणि त्यांतले १० आधीचेच निघाले. म्हणजे आपला सापळा एकूण वाघांपैकी साधारण निम्मे पकडतो. तेव्हा वाघ सुमारे ४० असावेत. जे दिसले नाहीत त्यांचीही संख्या अशा रीतीने हाती लागते, आणि सोबत त्रुटीची कक्षाही.

येथे मी नेहमी थबकतो. या हिशेबाची मूळ कल्पना डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ साली माशांसाठी मांडली होती, आणि अमेरिकेच्या लिंकन यांनी ती १९३० साली बदकांसाठी वापरली. म्हणजे चॅम्पियन यांची चित्रे आणि हे गणित, दोन्ही गोष्टी १९३० साली जगात होत्या. मान्य, तारेची यंत्रे शेकड्यांनी लावणे तेव्हा अशक्यप्राय होते आणि अधिक काटेकोर सांख्यिकी १९७०च्या दशकात आली. तरीही चॅम्पियन यांचे पुस्तक आणि कारंथ यांचा निबंध यांत ६८ वर्षांचे अंतर आहे. त्यातला बराच भाग यंत्रांच्या उणिवेचा नाही, असे माझे मत आहे. वनाधिकारी आणि सांख्यिकीतज्ज्ञ एकमेकांचे वाचत नव्हते.

सरिस्क्यानंतर राष्ट्रीय गणनेची पद्धत बदलली. २००६च्या गणनेत अनुमान १,४११ इतके खाली आले आणि देश हादरला. आधीच्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करणे मात्र चूक ठरेल, कारण मोजपट्टीच बदलली होती. २०२२च्या फेरीत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ४ कोटी ७० लाखांहून अधिक छायाचित्रे जमली. त्यांत वाघ होता ९७,३९९ चित्रांत, म्हणजे साधारण ४८० चित्रांमागे एकदा. त्यांतून ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले आणि सरासरी अनुमान ३,६८२ निघाले. पट्टे जुळविण्याचे काम आता संगणक करतो. जप्त केलेल्या कातड्याचे छायाचित्र संग्रहातील चित्रांशी ताडून तो वाघ कोणत्या जंगलातून मारला गेला, हेही सांगता येते. चॅम्पियन यांच्या वाघांसारखाच हा प्रत्येक वाघ स्वतःच शटर दाबून जातो, आणि त्यातले एकही छायाचित्र स्पर्धेत बक्षीस मिळवणारे नसते.

मग हौशी छायाचित्रकाराने कोणते यंत्र घ्यावे? विद्यार्थी मला हे वारंवार विचारतात आणि मी उलट विचारतो, कोणता प्राणी, किती वाजता, किती अंतरावरून? पक्षी असेल तर लांब लेन्सला पर्याय नाही. पण दुपारी बारा वाजता दोनशे मीटरवरच्या हरणावर ती रोखणे व्यर्थ आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा हेलकावत असते, तिचा अपवर्तनांक क्षणोक्षणी बदलतो, आणि लेन्स जितकी लांब तितका तो थरथराट मोठा दिसतो. लाखो रुपयांची काचही मधली हवा पुसू शकत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात लेन्सच्या लांबीपेक्षा तिचे उघडणे महत्त्वाचे. प्रकाशकण शंभर मिळाले तर त्यांतली स्वाभाविक चढउतार दहाची, म्हणजे दहा टक्के; दहा हजार मिळाले तर शंभराची, म्हणजे एक टक्का. चित्रातील रवाळपणा मुख्यतः या वर्गमुळातून येतो, आणि तो टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे अधिक प्रकाश. आणि वापरलेली, जुनी पण चांगली लेन्स घेण्यात मला तरी कसलाही कमीपणा वाटत नाही.

काळ्याच्या राखाडी रंगाचे कारण याहून सोपे होते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. चौकटभर काळा कुत्रा आला की त्याला वाटते उजेड कमी आहे, आणि तो काळ्याला उजळून राखाडी करतो. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचे एक बटण असते. काळ्या कुत्र्यासाठी ते उणेकडे न्यावे, पांढऱ्या बगळ्यासाठी अधिककडे. ते बटण माझ्या कॅमेऱ्यावर पहिल्या दिवसापासून होते.

कुत्र्यांच्या छायाचित्रांना वन्यजीवांच्या मानाने खालचा दर्जा देण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. रानकुत्रा, म्हणजे आपला कोळसुंदा, हा देशातील संकटग्रस्त मांसभक्षकांपैकी एक. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७०च्या दशकात बंदीपुरात त्याचा पायाभूत अभ्यास केला. त्याच्या तांबूस अंगावर पट्टे नाहीत, ठिपके नाहीत. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत तो भरपूर येतो, पण हा कालचाच की दुसरा, हे चित्रावरून ठरविणे जिकिरीचे. त्यामुळे संशोधक आता त्याची विष्ठा गोळा करून डीएनएवरून व्यक्ती ओळखतात. गावकुत्र्यांचे मात्र तसे नाही. त्यांच्या अंगावर ठिगळे असतात, शेपट्या तऱ्हेतऱ्हेच्या असतात, आणि निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. पुणे जिल्ह्यातील शिर्सुफळ गावात आणि हरियाणातील पंचकुला शहरात संशोधकांनी छायाचित्रे घेऊन, वाघांसाठी वापरतात त्याच जातीच्या हिशेबाने भटकी कुत्री मोजली आहेत. रेबीजचा प्रसार रोखायचा तर सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस द्यावी लागते. आणि एकूण कुत्री किती, हेच ठाऊक नसेल तर सत्तर टक्के कशाचे? भटक्या कुत्र्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, दोन्ही बाजूंनी आवेशाने आकडे फेकले जातात, आणि त्यांतले मोजलेले किती असतात, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो.

माझ्या डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षी लसीकरण करणारे काही स्वयंसेवक आमच्या आवारात आले. कुत्र्यांची चित्रे आहेत का, असे त्यांनी विचारले. तोवर मी काळ्याचा दिनक्रम पाठ केला होता. दूधवाला येण्याआधी तो पाण्याच्या टाकीपाशी पाच मिनिटे बसतो, आणि पावणेसातला तिथे तिरके ऊन येते. ५० मिलिमीटरची लेन्स लावून मी मातीत पालथा पडून राहत असे, म्हणजे त्याचे डोळे आणि माझी काच एका उंचीवर येत. पहिले आठ-दहा दिवस तो माझे तोंड चाटायला येई, मग त्याने माझी दखल घेणे सोडून दिले. स्वयंसेवकांना मी चौदा कुत्र्यांची, प्रत्येकाच्या दोन्ही कुशींची चित्रे दिली. काळ्याच्या डाव्या कानाची खाच त्यांत स्पष्ट दिसत होती. मोठी लेन्स तेव्हा खोलीत सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद होती.